एसी कुणाच्या खोलीत?

भिंगार मागं पडलं तरी पाथर्डीच्या गाडीत राजनंदिनीला बसायला जागा मिळाली नव्हती, म्हणून तिचं डोकं आधीच तापलेलं. त्यात शेजारच्या सीटवर एक नवरा-बायको दुकानातनं एसी बघून आलेले, अन् दोघांचं काही जमेना.

“दीड टनाचाच घिऊ, सविता. हॉलात बसवू.”

“हॉल वीस बाय चौदाचा हाय. त्याला दीड टन पुरायचा न्हाई, दुकानदार बोलला की.”

“त्यो काय, दोन टनाचाच खपवनार!”

“मंग एक टनाचा घ्या. आत्याबाईंची खोली दहा बाय दहाची हाय, तिला तेवढा बास.”

“आईला फॅन हाय की.”

“फॅन नुसता गरम वारा फेकतोय. गेल्या मे महिन्यात तुमच्या आईला दोनदा सलाईन लावलं. खाटेवरनं उठता येत न्हाई त्यांना, सावलीला तरी कशा जातील?”

“मधलं दार उघडं ठिवू. हॉलातली गार हवा जाईल आत.”

“आधी हॉल तर गार हू द्या.”

“अगं, लोक हॉलात येत्यात. आतल्या खोलीतला एसी कोन बघनार?”

“बघायला घेतोय व्हय आपन?”

राजनंदिनीला त्या बाईच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली.

“अन् भर उन्हाचं पाव्हनं आलं, तर त्यांना कुठं बसवायचं?”

“आत्याबाईंच्या खाटेजवळ खुर्च्या टाकू. गारव्यापायी का हुईना, चार मान्सं त्यांच्याशी बोलतील.”