चांदणीवाला कॅमशाफ्ट

अंगठ्यानं! तुम्हाला सांगतो, अंगठ्यानं मोजला हो त्या माणसानं कॅमशाफ्ट! इंडस्ट्रियल एरियातलं गॅरेज, माझ्या चौऱ्याहत्तरच्या फियाटचं इंजिन पोट फाडून पडलेलं, आणि हा इंद्रजित मिस्त्री त्यातला दांडा बाहेर काढतो, चिंधीनं पुसतो, वरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, "साहबजी, रेसिंग कैम है. पक्का!" अरे, कशावरून पक्का? कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, टोकाला एक चांदणी ठोकलेली, बस्स! उद्या माझ्या खांद्यावर चांदणी ठोकलीस तर मी काय जनरल होतो? सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं मोजमाप करतोय मी, केसाएवढा फरक असला तरी सही करत नाही, आणि हा मला अंगठा दाखवतो! शी! मोजल्याशिवाय बोलू नये माणसानं!

बरं, एकटा इंद्रजित असता तर गिळलं असतं... पण शेजारी आमची कन्या. क्षितिजा. वय एकोणीस, जन्म इथलाच, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. "रेसिंग कैम? सच्ची, पापा?" आणि तिथेच तेलात नाचायला लागली! कारण काय, तर कॉलेजातल्या एका एस्टीम गाडीवाल्या पोरानं आमच्या फियाटला 'दादाजी की गड्डी' म्हटलेलं, आणि बाईसाहेबांनी मध्य मार्गावर, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या रस्त्यावर, त्याच्याशी शर्यत कबूल केलेली. येत्या रविवारी! लायसन्स हातात येऊन चार महिने झालेत हो! नको म्हणावं, तर मैत्रिणीची झेन घेऊन जाणार. ती तर खरंच पळते!

आणि मला सांगा, दोन वर्षं ही फियाट माझ्याकडे आहे, पासष्टच्या वर एकदा तरी गेली का? गोल चक्कर ओलांडून पुढच्या चक्कराला पोचेपर्यंत पेपर वाचून होतो! तर यावरही इंद्रजितचं उत्तर तयार. "रेसिंग कैम ऐसा ही होता है जी, ऊपर जाके खुलता है." वर म्हणजे कुठे रे? शिमल्याला? पेट्रोल पंपावरचा तेच म्हणतो, शेजारचे रिटायर्ड कर्नल तेच म्हणतात, सगळे तज्ज्ञ, आणि मोजायचा डायल गेज एकाच्याही घरात नाही! मोजल्याशिवाय बोलू नये, एवढं साधं कळत नाही लोकांना?

शेवटी दांडा काखोटीला मारून घरी आणला. आता कॅमशाफ्ट म्हणजे काय, तर दांड्यावर अंड्यासारखे आठ उंचवटे. दांडा फिरतो, उंचवटे व्हॉल्व ढकलून उघडतात, इंजिन श्वास घेतं. उंचवटा मोठा तर श्वास मोठा, गाडी पळणार. सोपं आहे! डायनिंग टेबलवर दांडा ठेवला, माझा स्वतःचा डायल गेज लावला, बायको शालिनी ताटं घेऊन उभी, म्हटलं थांब, आणि मोजला. साध्या फियाटच्या उंचवट्यापेक्षा... कमी! दीड मिलिमीटर कमी! हा कसला रेसिंगचा, हा तर दम्याचा! म्हटलं, झिजला असेल. दुसरा मोजला, दीड. तिसरा, दीड. आठच्या आठ, दीड! अहो, झीज इतकी प्रामाणिक असते का कधी? कुणीतरी मुद्दाम, बसून, मापात घासला होता!

तडक गाठलं डॉक्टर सबनीसांना. गाडी त्यांच्याकडूनच घेतलेली, 'रॅलीचं इंजिन आहे' म्हणून ऐकवून. म्हटलं, डॉक्टर, ही फसवणूक आहे! तर म्हातारा शांतपणे म्हणतो, "मोजलात होय? इतक्या वर्षांत तुम्ही पहिलेच." मग हळूच सांगितलं. मुलगा सुबोध, अठराचा, वेगाचं वेड. "मी कॅज्युअल्टीत होतो, श्रीनिवासराव. सुबोधच्या वयाची पोरं यायची. आधी मोजायचो, मग मोजणं सोडलं. गाडी नाही म्हटलं तर मित्राची घ्यायचा. म्हणून दिली. कॅम घासून दिली आणि परदेशी रेसिंगचा आहे म्हणून सांगितलं. चांदणीही ठोकून घेतली, खरं वाटावं म्हणून. सुबोध टोरांटोत असतो, दोन मुलं आहेत. अजून सांगतो लोकांना, माझ्या गाडीला रेसिंग कॅम होता!"

डोळे भरले हो, खोटं कशाला सांगू. तरी विचारलंच, घासला कुणी? "कुणी म्हणजे? इंद्रजितनं."

बघा! त्या अंगठ्याला सगळं ठाऊक होतं!

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दांडा परत दिला. म्हटलं, बसव. क्षितिजा म्हणाली, "नापा आपने? पक्का?" बावीस वर्षांत एक खोटा आकडा नाही दिला मी... म्हटलं, "पक्का. रेसिंगचाच आहे." मोजल्याशिवाय बोलू नये हे खरं, पण मोजलेलं सगळं बोललंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

रविवारी गेली. एस्टीम म्हणे पहिल्याच चक्कराला दिसेनाशी झाली. ही आली, हात, पाय, दात, सगळं जागच्या जागी, दारातच मोजून घेतलं मी. आणि आल्या आल्या माझ्यावरच उखडली! "पापा, आपने ठीक से नापा भी था?" मला! मला विचारते! तशीच तणतणत गेली गॅरेजला, मी मागोमाग, आणि तो इंद्रजित, माझ्याकडे न बघता, तिला समजावतो काय... "बेटा, साहबजी दा कसूर नहीं. मशीन से पता नहीं चलता. ये काम अंगूठे का है."

आणि मी, तुम्हाला सांगतो, मान डोलावली.