डबीवरचा ससा

मंडळी, मागचे जरा पुढे सरका, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. एक विचारते, खरं सांगा. मुक्या जिवाला आपण इजा केली नाही, नुसतं धरून ठेवलं, तर पाप लागतं? आणि धरलंही नाही, फक्त त्यातून तयार झालेली वस्तू बाजारातून आणली, तर?... बघा, लगेच माना खाली! अहो, मी कुणाच्या पिशवीत डोकावत नाहीये. ऐका तर खरं!

मिरजेत दिगंबर कुंभोजकर नावाचे एक गृहस्थ होते. सायकलदुरुस्तीचं दुकान, वय अठ्ठ्याहत्तर, अंगात साखरेचा आजार. बायको मागेच गेलेली. घरात लेक अनुराधा, वाचनालयात काम करणारी. आता या दिगंबरअण्णांची तऱ्हा अशी, की अंगाला डाळीचं पीठ, डोक्याला शिकेकाई! विकतचा साबण नाही, क्रीम नाही, पावडर नाही. दाढीला? खोबरेल तेल! गालावर रोज दोन तरी काप, पण माणूस ऐकेल तर शपथ!

एका थंडीत त्यांच्या टाचेला खोल भेग पडली. डॉक्टर म्हणाले, "अण्णा, चिघळली तर पाऊल काढावं लागेल. पीठ-तेल पुरे झालं. चांगलं क्रीम दोन वेळा लावा."

अनुराधेनं दुकानं पालथी घालून एक डबी आणली. अण्णांनी चष्मा चढवला, डबी फिरवली आणि हात भाजल्यासारखी खाली टाकली! का? डबीवर उडी मारणारा ससा!

"सशावर केलंय हे! वर छापून मिरवतात!"

हसू नका, मंडळी. हसू तिलाही आलं. "अहो अण्णा, उलटं आहे! जनावरांवर प्रयोग न करता बनवलंय, त्याची खूण आहे ती."

"चित्राचं काय कौतुक सांगतेस? विडीच्या बंडलावर देव छापायचे. म्हणून विडी प्रसाद झाली?"

घ्या! लेक त्यांच्याजवळ जाऊन बसली. आणि त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं, की दुकान घालण्याआधी तीन वर्षं अण्णा मुंबईला एका प्रसाधनांच्या कारखान्यात सशांची देखभाल करत. पाला घालायचा, पिंजरे धुवायचे आणि प्रयोगाच्या वेळी ससा धरायचा.

"सशाच्या डोळ्याला पाणी फार येत नाही, अनू," अण्णा म्हणाले. "डोळ्यात घातलेलं रसायन धुऊन जात नाही. म्हणून तर ससा! सगळ्यांच्या कानात नंबर गोंदलेले. मी मात्र नावं ठेवली होती. एक रावसाहेब. ऐटीत बसायचा. एक मंजुळा. तिला माझ्या हाताचा वास कळायचा. पिंजरा उघडला की आपणहून पुढे यायची. थेंब साहेब घालायचे गं... मान मी धरायचो."

अनुराधा हळूच म्हणाली, "आणि तुमची साखरेची गोळी? ती तपासलीच असेल की जनावरावर."

"असेल. रोज हात जोडून गिळतो. जगायला घेतलं, त्याचे उपकार मानतो. गालाला लाली यावी म्हणून घेतलं, ती चोरी. तुला क्रीमच लावायचं ना? मग विचार त्यांना!"

तिनं डबीवरच्या नंबराला फोन लावला. अण्णांनी तो हिसकावलाच!

"बाळ, तुमचं क्रीम सशाच्या डोळ्यात घालता का?"

"नाही काका, आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही," पलीकडची मुलगी म्हणाली.

"तुम्ही नाही. पण यात जे जे घालता, ते पुरवणारे करतात का?"

जाणकाराचा प्रश्न होता, मंडळी. "विचारून कळवते, काका," मुलगी म्हणाली.

एक दिवस गेला, दोन गेले. भेग लाल झाली. अनुराधा रडकुंडीला आली. "तुमच्या हट्टापायी पाऊल जाईल!" अण्णा म्हणाले, "माझं आहे ना ते? मंजुळेला मी विचारलं नव्हतं."

चौथ्या दिवशी लेखी उत्तर आलं. चाचण्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींवर होतात, आणि राजीखुशीनं पुढे आलेल्या माणसांच्या दंडावर. माल पुरवणाऱ्यांनाही हाच नियम आहे, आणि बाहेरची संस्था येऊन तो तपासते. अण्णांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग त्यांनी पाऊल लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"लाव. आणि फार हळू चोळू नकोस, गुदगुल्या होतात."

पाऊल वाचलं! पुढं वर्षभर सकाळ-संध्याकाळ तिनं त्याला क्रीम लावलं. पुढच्या थंडीत अण्णा गेले, झोपेतच, शांतपणे. नेण्याआधी तिनं पायांवर डोकं टेकवलं, तेव्हा टाचा लहान मुलासारख्या मऊ होत्या.

आता तुमच्याकडे वळते! अण्णांनी मान धरली होती. आपण तर तेवढंही केलेलं नाही. मग आपल्याला विचारायला जड का जावं? आपल्या देशात आता प्रसाधनांसाठी असे प्रयोग करायला बंदी आहे, चांगलंच आहे. पण ती झाली, कारण कुणीतरी आधी विचारत राहिलं! उद्या बाटली उघडण्याआधी फिरवून वाचा. खूण दिसली म्हणून भुलू नका, नाही दिसली म्हणून भांडू नका. विचारा! दुकानदार हसेल. हसू दे.

चला, हात जोडा. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीनं आज देवाचं नाव जरा मोठ्यानं घ्या!