फकिराची गरज

दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या बहीणभावाचं ते बोलणं आठवलं, की इतक्या वर्षांनीही माझ्या अंगावर काटा येतो.

"आपा, तुझी किडनी मला नको. जन्मभर कुणापुढे हात पसरला नाही मी."

"म्हणून तर लोक तुला फकीर म्हणतात, आणि तू फुशारतोस."

"फकिराला कशाची गरज नसते."

"उलटं शिकलास, शहाण्या! मूळ अरबी शब्दाचा अर्थच गरजवंत. अब्बा सांगायचे, गरज बादशहालाही असते. फकीर ती कबूल करतो."

"अल्लापाशी, आपा. बहिणीपाशी नाही."

"मग मला कुणी पाठवलंय?"

तेवढ्यात नर्स दारात आली.

"किडनी देणारं कोण?"

"मी."

"आणि घेणारं?"

भावाने बहिणीपुढे हात पसरला.

"मी. उठव मला, आपा."