डोंगरावरचा बारावा प्राणी

वहिनी, गावकरी मंडळी, शाळेतले सहकारी,

म्हात्रे गुरुजींबद्दल बोलायला तुम्ही मला उभं केलंत. त्यांचा जवळचा मित्र म्हणून. मित्र! मंडळी, हा शब्द ऐकला आणि मला खाली बसावंसं वाटलं.

आपल्या सारसोळ्याचे गुरुजी भूगोल शिकवायचे, मी चित्रकला. नवं शहर तेव्हा नुकतंच उभं राहत होतं. शाळा सुटली की गुरुजी डोंगरावरच्या त्या कातळाकडे जायचे. कुणी कोरले, कधी कोरले, देव जाणे, पण त्यावर अकरा प्राणी होते. शिंगं असलेला मासा, माणसाच्या तोंडाचा बैल, आठ पायांचं काहीतरी. गुरुजी ओला कागद कातळावर थापायचे आणि शाईचा बोळा हलक्या हाताने टिपत जायचे. काळ्या कागदावर पांढरा प्राणी उमटला की म्हणायचे, "बघा मास्तर, आला! कोन हाय, कुनाला ठावं? पन आला."

मला गंमत सुचली. एका रविवारी छिन्नी घेऊन गेलो आणि पंखांची सुसर कोरली. वर माती चोळली. दोन दिवसांनी गुरुजी धापा टाकत आले. "मास्तर, बारावा गावला!" मी काय केलं? मीही हसलो. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत राहिलो. तोवर त्यांनी बाराही ठसे मुंबईला जाणकारांकडे पाठवले.

तिथले साहेब आले. सुसरीवर बोट फिरवून म्हणाले, "हे ताजं काम आहे. गुरुजी, बाकीचेही तुम्हीच कोरलेत का?" गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही हो, मदतीसाठी. आणि मी चपलेतला खडा काढत बसलो.

सगळंच बनावट ठरलं, ठसे परत आले. पुढे कातळाला सुरुंग लागला, नव्या शहरासाठी त्याची खडी झाली. गुरुजी अडवायला गेले, पण त्यांचं ऐकणार कोण? मुलं त्यांना 'सुसरमास्तर' म्हणायची. आणि मी रोज त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायलो. लाज वाटते मंडळी, फार लाज वाटते.

काल वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांचे ते खोटे कागद आता टाकून देऊ ना?" खोटे. घरातही तेच.

टाकू नका, वहिनी. अकरा ठसे खरे आहेत, आणि कातळ गेल्यावर आता तेवढेच उरलेत. खोटा एक, तो माझ्या हातचा. तसं लिहून, सही करून आणलंय. उद्या मुंबईला नेऊन देतो. गुरुजी असताना हे जमलं नाही मला.

आता गुरुजींसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. वहिनी, माझ्याबरोबर उभं राहावंसं वाटत नसेल, तर तुम्ही बसून राहा.