जपानीत विचारलेला पत्ता

माझ्या जपानीला तुम्ही हसता, पण साठच्या दशकात तिनं एका बाईला घरी पोचवलंय.

अबुधाबीत तेव्हा रस्त्यांना नावं नव्हती. माझा दोस्त अब्दुल्ला आणि मी त्याच्या जीपनं बाजारात गेलो, तर भर उन्हात एक जपानी बाई उभी. कडेवरचं मूल उन्हानं मलूल झालेलं. पोलीस अरबीत विचारत होता, दुकानदार हिंदीत, आणि ती नुसती रडत होती.

मी पूर्वी खलाशी होतो. आमची बोट दुरुस्तीसाठी कोबे बंदरात पडून होती, तेव्हा तिथल्या गल्ल्यांत मी रोज चुकायचो. त्यामुळे पत्ता विचारण्यापुरती जपानी आली होती. मी पुढे होऊन म्हणालो, "इए, दोको?" म्हणजे घर कुठे.

तिचं रडणं थांबलं. मग ती इतकं भरभर बोलली की मला एकच शब्द कळला, मिनातो, म्हणजे बंदर. पण बंदराकडे घरं पुष्कळ. मी विचारलं, "तोनारी?" म्हणजे शेजारी कोण.

"साकानाया," ती म्हणाली.

"अब्दुल्ला, मासळीच्या दुकानाशेजारचं घर. यल्ला, चल, जीप काढ."

घर सापडलं. घाबराघुबरा झालेला नवरा दारातच होता. त्यानं मुलाला छातीशी धरलं आणि तो माझ्यापुढे कमरेत वाकला. मीही वाकलो. तो आणखी वाकला, म्हणून मीही आणखी वाकलो.

शेवटी अब्दुल्लानं माझा सदरा मागून ओढला. "खलास, हबीबी. आता दोघांपैकी एकानं तरी सरळ उभं राहा."