थर्माकोलची चूल

...आन् वर मलाच सांगतंय, "गुरप्पाअण्णा, संस्कृती जपली पायजे!" ऐका! मला! ज्याची आई पंच्याहत्तरीत बी रोज चुलीपुढं बसून भाकरी भाजत हुती, त्याला! अहो, जपतच हुतो की आमी, तुमीच विझवलीत!

न्हाय, तुमाला मुळापासनं सांगतो, न्हायतर म्हणाल गुरप्पा उगंच तापतोय. आमची अव्वा, म्हंजे आई, पार्वतम्मा, अक्कलकोटकडल्या वागदरीची. आप्पा गेल्यावर एकटीच राह्यली तितं, म्हणून तिला सोलापुरात आमच्या फ्लॅटात आणली. तळमजला हाय, चढउतार न्हाय. आली, पण अट घालून आली. "माजी चूल संगं येणार. चूल न्हाय तर मी बी न्हाय!" आता चूल म्हंजे काय मोठी हो? तेलाचा डबा कापून आतनं माती लिंपलेली, एका हातानं उचलावी. ठेवली मागल्या गॅलरीत. कशाला, तर कडक भाकरीला! ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर भाजायची, मग निखाऱ्याच्या धगीला उभी करायची, पापडावानी कडाकडा मोडंस्तोवर. गॅसवर करून बघा एकदा... चिवट चामडं होतंय नुसतं!

आन् अव्वाचा हात सढळ! वॉचमन आला, घे भाकरी. दूधवाला आला, घे भाकरी. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बिभीषणराव तर वास आला की फिरायच्या निमित्तानं बरोबर गॅलरीपाशी! शेंगाचटणी लावून भाकरी मोडत मोडत मलाच म्हणतात, "अण्णा, आजींच्या हाताला काय चव हाय हो! पण त्या धुराचं कायतरी बघा. वरची मंडळी बोलायलीत. सोसायटीचं म्हणून एक कल्चर असतंय की!" तोंडात भाकरी, आन् डोळ्यात धूर! आता भाकरी काय धुराबिगर आभाळातनं पडती का?

मग सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमाला निघाली ती संस्कृती संध्या. बिभीषणराव आले, खांद्यावर हात टाकला. "अण्णा, संस्कृती जपली पायजे! आजींना स्टेजवर बसवू. चूल, तवा, भाकरी, लाईव्ह! लोकांना कळू दे काय चीज हाय ती. मग मीटिंगमदी चुलीची तक्रार आली की मी बघतो." बघतो म्हणाले हो! मी अव्वाला म्हणालो, "अव्वा, एवढं एक डाव कर. चूल वाचती." ती बिचारी हरखली. गिरणीतनं ताजं पीठ आणवलं, तवा राखंनं घासला, इरकल नेसली, कपाळाला विभूती लावली आन् निघाली.

तितं ती उत्कर्षा. कार्यक्रमाची सगळी सूत्रं तिच्याकडं. लई गोड बोलती, हसत हसत सुरी लावावी तशी. "वॉव आजी, काय क्यूट! पण हे कपाळावरचं पांढरं ना, लाईटमध्ये पॅच दिसतोय." आन् पुसली की हो! ओल्या टिश्यूनं पुसली विभूती! आन् तितं चिकटवली चंद्रकोर. जिचा नवरा जाऊन बारा वर्सं झाली, तिच्या कपाळाला! अव्वानं माज्याकडं बघितलं. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे अव्वा... चुलीसाठी." काय करू? अडला हुतो ना मी!

पडदा वर गेला. अव्वापुढं चूल... थर्माकोलची! आत लाल बल्ब, खाली पंखा, वर नारिंगी कागद फडफडतोय. जाळ म्हणं तो! अव्वानं भाकरी थापली, तव्यावर टाकली आन् बसली वाट बघत. भाकरी थंडगार. तिनं वाकून आत बघितलं, माज्याकडं बघितलं आन् भर माईकवर कानडीत इचारलं, "बेंकी यल्लि?" विस्तव कुटं हाय?

टाळ्या! अहो, टाळ्या पडल्या! उत्कर्षा म्हणती, "आजी, आग अलाउड नाही, तुम्ही नुसतं थापत राहा ना!" आन् ही थापत ऱ्हायली... रांग लागली सेल्फीला. प्रमुख पाहुणे माईकवर, "चुलीवरच्या भाकरीचा तो वास... कुठं हरवली ती माती, ती माणसं!" समोर बसलीया की रं बाबा, कुटं हरवली! अव्वानं काय करावं? पाहुणा म्हणून कच्चीच भाकरी दोन्ही हातांनी पुढं धरली. "ऊट माड्री." जेवा म्हणाली. पाहुण्यांनी फोटोपुरता हात लावला आन् गेले मंच्युरियनच्या काउंटरला!

अव्वा कार्यक्रम संपंस्तोवर उठली न्हाय. घरी आल्यावर एवढंच बोलली, "गुरु, माज्या चुलीपुढनं माणूस आजवर उपाशी गेलं न्हाय रं." स्टेजवरनं तिनं बांधून आणलेल्या दोन भाकरी मी ढकलल्या तोंडात, कच्च्याच. दुसरं काय देणार हुतो तिला?

आन् मीटिंग? झाली की! बिभीषणराव घरी येऊन म्हणाले, "अण्णा, लोकांना थर्माकोलची लई आवडली बघा. धूर न्हाय, राख न्हाय. तुमची बी तशीच नुसती शोभेला ठेवा, कोण न्हाय म्हणतंय?" अव्वानं ऐकलं. सकाळी कपाळाला विभूती लावली, चूल पोत्यात घातली, पोतं काखंत मारलं, आन् वागदरीची एस्टी धरली. मी स्टँडवर हात जोडले, "अव्वा, थांब." ती म्हणाली, "अट काय हुती?"

चार दिवस झाले न्हाईत तर दारात बिभीषणराव! हातात ती थर्माकोलची चूल. "गुरप्पाअण्णा, पुढच्या वर्षापत्तोर तुमच्या गॅलरीत ठेवा की. तितं आता जागा झालीया. संस्कृती जपली पायजे!"

ठेवली. भांडून काय अव्वा परत येती?

काल तिचा फोन. "गुरु, गॅलरीत काय ठेवलं रं तितं?"

म्हणालो, "चूल, अव्वा."

"धूर होतोय का?"

"न्हाय अव्वा. कुणाला कायबी त्रास न्हाय."