बारशातला शब्द

भालकीच्या बसस्थानकात माझ्या बाकावर तिघं होते: अप्पाराव, त्यांची मुलगी धनलक्ष्मी आणि तिचा मामा नागेश. उघड्या डब्यात सहा धपाटे होते, कुणी हात लावला नव्हता.

“नागेश, बारशालाच शब्द दिलाय म्या, पोरगी तुलाच देणार म्हणून.”

“दाजी, शब्द तुमचा. तिला इचारलंत?”

“पाळण्यातल्या लेकराला काय इचारू?”

“आता अठराची झाली. कायद्यानंबी तिचं तीच ठरवती.”

“सांग धनू, मामाशी लगीन करतीस?”

“न्हाई अप्पा. मला कलबुर्गीला नर्सिंग शिकायचंय. मामा, रागावलात?”

“कामून रागावू? खांद्यावर खेळवलंय तुला. दाजींचा मान म्हणून गप होतो.”

“आरं, मीबी तुझाच मान राखायलो होतो!”

बस लागली तेव्हा डब्यात एक धपाटं उरलं होतं.